सेलूच्या त्या संध्याकाळचे आभार

२४ जानेवारी २०११. सकाळीच पुण्याहून बातमी आली, पंडित भीमसेन जोशी गेले. आमचे हे जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. त्या चार महिन्यांत मला झोप लागायची ती पंडितजींच्या अभंगांच्या कॅसेटवर. किराणा घराणं, भारतरत्न, ते सगळं मोठंच. मला मात्र त्यांनी ‘विठ्ठल’ म्हटलं की छातीवरचा दगड हलायचा, एवढंच कळायचं.

संध्याकाळी सेलूला बसस्टँडजवळ कुणीतरी टेप लावला होता. पाच-पन्नास माणसं उभी, आणि ऐन रंगात लाइट गेली! लोडशेडिंग, दुसरं काय. एका दादानं ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली, वायरी जोडल्या. मग टेप गुंतला. कॉलेजच्या एका पोरानं पेन्सिल घालून फीत हळूहळू गुंडाळली, मधली चुरगळ नखानं सरळ केली. मला उभ्यानं रडू फुटलं, तेव्हा एका मावशीनं पोत्यावर जागा करून दिली. “बस माय, रडून घे,” एवढंच म्हणाल्या.

नावं विचारायची राहिली. दादा, पोरा, मावशी, आणि चहाचे पैसे न घेणारे काका, तुमचे मनापासून आभार. कॅसेट अजून आहे. त्या चुरगळीपाशी आवाज जरा थरथरतो.