दिवस लांबत चालल्याविषयी

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

चंद्राची एकच बाजू आपल्याला दिसते, हा योगायोग आहे का, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. योगायोग मुळीच नाही. पृथ्वीच्या ओढीमुळे चंद्राच्या खडकालाही किंचित फुगवटा येतो; चंद्र पूर्वी वेगाने गिरकी घेत असताना हा फुगवटा सतत जागा बदलत राहिला आणि त्या घर्षणाने गिरकी मंदावत जाऊन अखेर एका प्रदक्षिणेला एक गिरकी एवढ्यावर स्थिरावली.

मला अधिक विलक्षण वाटते ते हे, की आज पृथ्वीचेही तेच चालले आहे. पृथ्वी स्वतःभोवती झपाट्याने फिरत असल्याने भरतीचा फुगवटा चंद्राच्या थोडा पुढे ओढला जातो, चंद्र त्याला मागे खेचतो आणि त्या झटापटीत स्वतः वर्षाला सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो. १९६९ पासून तिथे ठेवलेल्या परावर्तकांवर लेसर सोडून हे अंतर मोजले जाते.

दिवस मात्र शतकाला जेमतेम दोन मिलिसेकंदांनी वाढतो. एवढ्याशा वाढीने काय होणार, असे मलाही वाटे. पण इ. स. पू. १३६ मध्ये बाबिलोनच्या निरीक्षकांनी खग्रास सूर्यग्रहणात ग्रह व तारे दिसल्याचे मातीच्या पाटीवर कोरून ठेवले आहे, आणि पृथ्वी तेव्हापासून आजच्याच वेगाने फिरत आली असे धरले, तर ग्रहणाची ती सावली बाबिलोनच्या सुमारे ४९ अंश पश्चिमेला पडायला हवी होती! ४९ अंश फिरायला पृथ्वीला जेवढा वेळ लागतो त्या सव्वातीन तासांची ही तफावत त्या मिलिसेकंदांच्या साठण्यातूनच आली आहे. त्याहून मागे जायचे तर प्रवाळांकडे जावे लागते. १९६३ मध्ये जीवाश्मांचे अभ्यासक जॉन वेल्स यांनी डेव्होनियन काळातील (सुमारे ४२ ते ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या) प्रवाळांच्या जीवाश्मांवरील केसासारख्या बारीक, रोजच्या वाढीच्या रेषा मोजल्या. वर्षभराच्या पट्ट्यात त्या सुमारे ४०० भरल्या. वर्षाची लांबी तीच होती, म्हणजे तेव्हाचा दिवस बावीस तासांचा होता.

पुढे कधीतरी पृथ्वीचा दिवस आजच्या ४७ दिवसांएवढा होऊन तीही चंद्राला एकच बाजू दाखवू लागली असती. पण त्याला सुमारे ५,००० कोटी वर्षे लागतील आणि सूर्य त्याच्या पुष्कळ आधी, ५०० कोटी वर्षांच्या सुमारास, फुगून तांबडा राक्षसी तारा होईल. ती अवस्था आजच पाहायची असेल तर प्लूटोकडे पाहा. तो आणि त्याचा उपग्रह कॅरन ६.४ दिवसांत एकमेकांभोवती फिरतात, तेही समोरासमोर तोंड करून; प्लूटोच्या एका बाजूच्या आकाशात कॅरन न उगवता, न मावळता तसाच टांगलेला असतो आणि दुसऱ्या बाजूला तो कधीच दिसत नाही.

तुझा स्नेही,
माधव