रायफलचा रंग नंतर, आधी माप बघा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

२०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम धरायचा प्रकार) ऑलिंपिक ब्राँझ आणलं, तेव्हापासून पोरांना एअर रायफल घेऊन देणारे पालक वाढलेत, चांगलंच आहे, पण दुकानात गेलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न कलर कुठला हाच असतो राव!

अहो, स्टॉक म्हणजे रायफलचा तो भाग जो खांद्याला, गालाला आणि दोन्ही हातांना लागतो, तोच मापात नसेल तर बाकी महागडं काय कामाचं. साधी टेस्ट आहे. पोराला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगा, गाल चीकपीसवर (स्टॉकचा गाल टेकायचा भाग) आरामात टेकू दे, मग डोळे उघडू दे. साईट (ज्यातून नेम धरतात ती) सरळ डोळ्यासमोर आली तर ठीक, मान ताणावी किंवा वाकवावी लागली तर चीकपीस वरखाली करा, आणि ते होतच नसेल तर तो स्टॉक घेऊच नका. वाढत्या वयाच्या पोरांना बटप्लेट (स्टॉकचा खांद्याला टेकणारा मागचा भाग) मागेपुढे सरकणारी हवीच. डावखुऱ्या पोराच्या गळ्यात उजवा स्टॉक मारणारे महाभाग पण आहेत, चीकपीसच उलट्या बाजूला!

लाकडी की अॅल्युमिनियम? अॅल्युमिनियममध्ये अॅडजस्टमेंट भरपूर आणि पावसाळी दमटपणात ते फुगत नाही, पण हाताला लाकूडच छान लागतं, दिसतंही देखणं (माझं मत). फक्त वजन बघा, १० मीटर एअर रायफल स्पर्धेत साडेपाच किलोची मर्यादा आहे पण बारा वर्षांच्या पोराला तेवढं झेपणार आहे का?

- एक पालक, कोल्हापूर