पक्षीपालनात कोकणच्या पावसाचा हिशेब आधी मांडावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरच्या अंगणात फिंच (चिमणीहूनही लहान, दाणे खाणारे पक्षी) आणि लावे पाळण्याविषयीचा लेख आपल्या दैनिकाच्या पुरवणीत वाचला. या छंदाकडे तरुणांचे लक्ष वेधल्याबद्दल लेखकाचे मनापासून आभार. मात्र त्यातील बहुतेक सूचना घाटावरच्या कोरड्या हवेला धरून आहेत आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर त्या जशाच्या तशा पाळल्या, तर पहिल्याच पावसाळ्यात पक्षी दगावू लागतात. मी याच पट्ट्यात बरीच वर्षे झेब्रा आणि बेंगालीज या जातींचे फिंच आणि जपानी लावे यांची वीण घेत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

झेब्रा फिंच हा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष प्रदेशातला पक्षी. तिथे पाऊस कधी येईल याचा नेम नसल्यामुळे, पाऊस पडला आणि गवताला बी धरले की लगेच विणीला लागायचे, हा त्याचा स्वभावच बनलेला आहे. आता हाच पक्षी आपण अशा ठिकाणी आणतो, जिथे मृगापासून चार महिने हवा ओली असते आणि पुढ्यातली दाण्याची वाटी कधी रिकामी होत नाही. साहजिकच तो थांबायचे नावच घेत नाही. मादी एका वेळी चार ते सहा अंडी घालते, १२ ते १४ दिवसांत पिल्ले बाहेर येतात, सुमारे तीन आठवड्यांत ती घरट्याबाहेर पडतात आणि ती स्वतः नीट दाणे टिपू लागण्याआधीच मादी पुन्हा अंड्यांवर बसलेली असते. नवख्या पाळणाऱ्याला हे भरभराटीचे लक्षण वाटते. प्रत्यक्षात मादी आतून झिजत असते. एखाद्या सकाळी ती पिसे फुलवून जाळीघराच्या तळाशी बसलेली दिसते, श्वासागणिक शेपटी खालीवर होत असते, पोटाखाली हात लावला तर अडलेले अंडे बोटाला लागते. अशी मादी वाचवणे फार कठीण. म्हणून किनारपट्टीवर दिवाळी ते होळी हाच विणीचा हंगाम धरावा, त्यात दोन, फार तर तीन विणी घ्याव्यात आणि पावसाच्या तोंडावर घरटी सरळ काढून टाकावीत. घरटे काढूनही वाटीत अंडी घालणाऱ्या जोड्या असतात. त्यांचे नर-माद्या वेगळे करावेत, भिजवलेले दाणे आणि अंड्याचे खाद्य बंद करावे. झेब्राच्या नराचे नारिंगी गाल लांबूनही ओळखू येतात. बेंगालीजमध्ये मात्र नर-मादी दिसायला सारखेच असतात, तिथे गातो तो नर एवढ्याच खुणेवर विसंबावे लागते.

अंडे अडण्याचे एक मोठे कारण चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची कमतरता हे आहे, आणि त्यावरचा उत्तम उपाय आपल्या किनाऱ्यावर फुकट पडलेला असतो. माकुलाच्या पाठीतले पांढरे हाड, ज्याला आपण समुद्रफेन म्हणतो, ते भरतीच्या रेषेवर सहज सापडते. शहरातल्या दुकानांत तेच वेष्टनात घालून विकले जाते. किनाऱ्यावरून आणलेले समुद्रफेन दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात ठेवावे, पाणी रोज बदलावे, म्हणजे त्यातला खार निघून जातो. मग कडक उन्हात वाळवून, नखाने खरवडले की पीठ सुटते ती मऊ बाजू पक्ष्यांकडे येईल असे जाळीला बांधावे. अंड्यावर येणाऱ्या माद्या त्यावर कशा तुटून पडतात, हे एकदा पाहिलेल्या माणसाला त्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

जाळीघराच्या बांधणीबद्दल लेखात फक्त लांबी-रुंदी दिली होती. आपल्याकडे त्याआधी दिशा बघावी लागते. पाऊस नैर्ऋत्येकडून तिरपा येतो, तेव्हा पश्चिम आणि दक्षिण या बाजू चिऱ्याच्या भिंतीने बंद हव्यात आणि उघडी जाळी पूर्वेला हवी. जोता दीड फुटाचा असावा आणि छप्पर इतके पुढे काढावे की पागोळ्यांचे पाणी उडून आत येणार नाही. छप्पर जाळीचे नको, भरीवच हवे. याला पावसाखेरीज दुसरेही कारण आहे. देशातला बर्ड फ्लूचा पहिला मोठा उद्रेक २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला, हे अनेकांना आठवत असेल. पण जानेवारी २०२१ मध्ये थेट दापोलीतल्या मृत कावळ्यांच्या नमुन्यांतही हा रोग आढळला होता. रानपक्ष्यांची विष्ठा आपल्या पक्ष्यांच्या पाण्यात पडू न देणे हे पाळणाऱ्याच्या हातातले काम आहे. जाळीची छिद्रे अर्ध्या इंचाहून मोठी नसावीत आणि खालचा दोन फुटांचा पट्टा पाव इंची जाळीचा असावा, कारण उंदरामागे धामण येते आणि रात्री धामण शिरली की जे तिच्या तोंडी लागत नाहीत, तेही अंधारात आपटून मरतात. खाऱ्या वाऱ्यात जाळी लवकर गंजते, त्यामुळे दरवर्षी आगोटीच्या, म्हणजे पाऊस लागण्याच्या, आधी ती तपासायलाच हवी. नव्या जाळीवर जस्ताचा मुलामा असतो आणि ते जस्त चोचीवाटे पोटात गेले तर विषबाधा होते. म्हणून पक्षी सोडण्यापूर्वी जाळी व्हिनेगरने घासून, धुऊन घ्यावी.

दाण्याची आगोटीची बेगमी मात्र करू नये. राळा किंवा वरी (सालासकट, उपासाचे वरीचे तांदूळ नव्हेत) पावसाळ्यात थोडी थोडीच आणावी. मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवावेत. बहुतेकांना मोड आले तर माल चांगला, कुबट वास सुटला तर तो पोत्यासकट परत करावा. बुरशीचे विष उन्हात वाळवून जात नाही.

आता लाव्यांविषयी. जपानी लावा १९७४ मध्ये अमेरिकेतून भारतात आणला गेला आणि तेव्हापासून तो इथल्या कुक्कुटपालनात रुजला. सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येणारा हा पक्षी फिंचच्या जाळीघराच्या जमिनीवर सोडावा, तो वरून सांडलेले दाणे खाऊन राहील, असे लेखात सुचवले होते. या सूचनेशी मी सहमत नाही. राळ्या-वरीत प्रथिने १०-१२ टक्क्यांच्या आसपास असतात, तर लाव्यांच्या वाढत्या पिल्लांना २४ टक्क्यांहून अधिक लागतात. सांडलेल्या दाण्यांवर वाढवलेली पिल्ले खुरटतात आणि त्यांना पिसेही धड येत नाहीत. शिवाय घरट्यातून नुकतीच बाहेर पडलेली फिंचची पिल्ले संध्याकाळी जमिनीवर उतरतात आणि तिथे लावे त्यांना टोचून जखमी करतात. परदेशी पुस्तकांत यासाठी चिनी लावा सुचवलेला असतो, पण ती जात आपल्या देशात रानातही आढळते, म्हणून त्या वाटेला न जाणे बरे. लाव्यांना स्वतंत्र कप्पा द्यावा. त्याचे छत एक तर फूटभर उंचीचे ठेवावे, नाही तर त्याखाली मऊ जाळे ताणावे, कारण दचकलेला लावा सरळ वर झेपावतो आणि डोके फोडून घेतो. एका नराबरोबर तीन-चार माद्या ठेवाव्यात. अंग घोळायला नदीची कोरडी वाळू द्यावी. ती ओली झाली की बदलावी, कारण ओल्या तळावर रक्ती हगवण फार वेगाने पसरते.

जपानी लाव्याची मादी सहसा अंड्यांवर बसत नाही. अंडी यंत्रात साडेसदतीस अंश सेल्सिअसला ठेवली की १७-१८ दिवसांत पिल्ले येतात. आपल्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे वाचकांना ठाऊक आहेच, त्यामुळे यंत्रही दिवाळीनंतरच लावावे. पिल्ले अंगठ्याच्या पेराएवढी असतात आणि पाण्याच्या उथळ ताटलीतही बुडतात, म्हणून ताटलीत खडे भरून ठेवावेत.

हे सगळे इतक्या तपशिलाने लिहिण्यामागे एक काळजी आहे. पावसाळ्यात जाळीघर रिकामे झाले की भातकापणीच्या दिवसांत जाळ्यात धरलेल्या मुनिया (फिंचसारखेच आपल्या रानातले छोटे पक्षी) आणून ते भरण्याचा मोह होतो, आणि हे मी माझ्या आसपास घडताना पाहिले आहे. कधी त्या मुनिया हिरव्या-तांबड्या रंगात बुडवून परदेशी म्हणून विकलेल्या असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या रानातली कोणतीही मुनिया धरणे, विकणे वा पाळणे हा गुन्हा आहे. बेंगालीज फिंच ही जात आपल्याकडेही दिसणाऱ्या पांढऱ्या पाठीच्या मुनियेपासूनच पूर्वेकडे पिढ्यान्‌पिढ्या माणसाळवून तयार झालेली आहे, तेव्हा ज्याला मुनियेची हौस आहे त्याला घरात वाढलेला पर्याय उपलब्ध आहे. रानातल्या पक्ष्याची वीण पाहायची असेल तर ती मोकळ्यावरच पाहावी. पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी १९३० साली किहीमला सुगरणींचा अभ्यास केला, तो मोकळ्या पक्ष्यांचाच. जावा चिमणीसारख्या परदेशी जातीलाही २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी लागते, हे विकणाऱ्यांपैकी फार थोडे जण सांगतात.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने आणि पशुसंवर्धन विभागाने मिळून किनारपट्टीसाठी एक पानी मार्गदर्शिका काढावी. विणीचा हंगाम, जाळीघराची दिशा, लाव्यांचे खाद्य आणि कोणते पक्षी पाळता येत नाहीत, एवढे त्यात असले तरी पुरे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात महिन्यातून एखादा दिवस छोट्या पक्ष्यांसाठी ठेवला, तर मेलेल्या पक्ष्याचे कारण तरी कळेल. आपल्या दैनिकाने हा विषय मे महिन्याच्या आत, म्हणजे लोक जाळीघरे शाकारायला घेतात त्या सुमारास, पुन्हा हाती घ्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक पक्षीपालक वाचक,
देवगड तालुका, जि. सिंधुदुर्ग