ज्यांच्या खात्यात बेघर माणूस येतो, त्या मंत्री महोदयांना

माननीय मंत्री महोदय यांस,
सप्रेम नमस्कार.

आपलं नाव आणि खातं वर लिहिलेलं नाही, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. गेल्या चौदा महिन्यांत, बेळगावात बेघरांना आसरा देणाऱ्या आमच्या संस्थेची फाईल घेऊन मी तीन कार्यालयांचे जिने चढलो. पहिल्या ठिकाणी सांगितलं, हे समाजकल्याणचं. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, शहरातली माणसं ना, मग नगरविकासचं. तिसऱ्या साहेबांनी फाईल उघडलीच नाही, 'घर म्हणजे गृहनिर्माण' म्हणाले आणि चहाला गेले. तेव्हा बेघर माणूस ज्यांच्या खात्यात येत असेल, त्यांनी हे पत्र आपलं समजून वाचावं.

निमित्त गेल्या बुधवारचं. मृगाची पहिली सर येऊन गेली होती आणि दारावर नोटीस लावून माणूसही निघून गेला होता. नोटीस कन्नडमध्ये. आमच्या घरात बैलहोंगलकडचे एक अज्जा राहतात, त्यांनी डोळ्याजवळ धरून वाचून दाखवली. राहत्या घराचा परवान्याशिवाय वसतिगृहासारखा वापर होतो आहे, सात दिवसांत रिकामं करा. मी विचारलं, ''अज्जा, सातव्या दिवशी कुठं जायचं, ते लिहिलंय का?'' त्यांनी कागद उलटा करून मागं बघितलं. कोरा होता.

याच घराच्या अंगणात फेब्रुवारीत एका साहेबांनी शाल-नारळ घेतला आणि सगळ्यांसमोर शब्द दिला, ''पावसाळ्याआधी तुम्हाला सरकारी जागा. बंद पडलेली शाळा बघून ठेवलीय.'' शाळा आम्हीही बघून आलो. वर्गात मांडवाचे बांबू आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या रचलेल्या आहेत. निदान खुर्च्यांची तरी पावसाळ्याआधी सोय झाली.

संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की दुसऱ्या दिवशी तपासणी येते, असा अनुभव आहे. जुनं कौलारू घर, महिना 16 हजार भाडं, आणि 21 माणसं. एक स्वयंपाकघर, दोन संडास, एक चालणारा पंखा आणि एक नुसता लटकणारा. रायबागकडची एक मावशी भाकऱ्या थापते. एकजण हॉटेलात कपबश्या विसळतो. दवाखान्यातून सोडल्यावर न्यायला कुणीच आलं नाही असे दोघे आहेत. कमावणारा रोज 20 रुपये डब्यात टाकतो, न कमावणारा लसूण सोलतो. किल्ली कोनाड्यात असते आणि सगळ्यांना माहीत असते. वसतिगृहात असं असतं का, मला ठाऊक नाही, मी वसतिगृहात राहण्याएवढा शिकलो नाही. आणि हो, निम्मे कन्नड, निम्मे मराठी. भांडणं होतात, रोज होतात, पण पंख्याखालच्या जागेवरून.

माझं रडगाणं गायला हे पत्र नाही. पण मी कोण, हे सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. इथल्याच वडगावात माझे दोन माग होते. 2019 च्या ऑगस्टात पाणी घरात शिरलं आणि तिसऱ्या दिवशी मातीची भिंत बसली ती थेट मागावर. सरकारनं जाहीर केलं, पूर्ण पडलेल्या घराला 5 लाख. पाहणीला आलेल्यांनी माझं घर सी कॅटेगरीत टाकलं, म्हणजे 50 हजार. का, तर रस्त्याकडची भिंत उभी होती. ती भिंत पडली नाही, पण मला साडेचार लाखांना पडली! त्या रात्री शहाणपणा करून एक लाथ घातली असती तर आज हे पत्र लिहायची पाळी आली नसती, असं कितीदा मनात येतं. अपिलाचा अर्ज मराठीत दिला म्हणून परत आला. कन्नडमध्ये लिहून घेतला, लिहिणाऱ्यानं 200 रुपये घेतले, तोवर मुदत संपली.

बायको खानापूरला भावाकडे गेली. ''एक खोली झाली की येते,'' म्हणाली. मी या संस्थेच्या घरात आलो. खोली व्हायला सव्वादोन वर्षं लागली, बायको दीड वर्षातच देवाघरी गेली. वास्तुशांतीला मी एकटा होतो आणि भटजी घाईत होते. आता झोपायला खोलीवर जातो, जेवायला अजून इथंच येतो. रजिस्टर मी लिहितो. कोण आलं, कोण गेलं, कुणाचं औषध संपलं.

त्या एका खोलीची घरपट्टीही भरतो. चलन कधी नीट वाचलंत का, साहेब? मूळ करावर आरोग्याचा सेस, म्हणजे जादा कर, असतो, ग्रंथालयाचा असतो आणि 3 टक्के भिक्षुकांचा, म्हणजे भिकाऱ्यांसाठीचा, असतो. 1975 च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यापासूनचा हा हिशोब. यंदा माझे 42 रुपये गेले. शहरात एक लाख घरं धरली आणि सगळी माझ्यासारखीच दरिद्री धरली, तरी 42 लाख होतात. आमचं वर्षाचं भाडं 1 लाख 92 हजार. रस्त्यावर हात पसरणाऱ्याला गाडीत घालून न्यायला कायदा आहे, समिती आहे, पैसा आहे. हात न पसरता दिवसभर कपबश्या विसळून रात्री पाठ टेकायला जागा मागतो, त्याच्यासाठी नोटीस आहे. म्हणजे त्यानं आधी भीक मागायला शिकावं, असंच ना?

सुप्रीम कोर्टानं 2010 साली सांगितलं की मोठ्या शहरात लाख वस्तीमागे एक निवारा हवा, तोही बारा महिने, चोवीस तास. पुढं केंद्राच्या योजनेत माणशी 50 चौरस फूट जागाही ठरली. बेळगाव 2011 च्या जनगणनेतच पावणेपाच लाखांच्या पुढं होतं. आज सहा-सात निवारे तरी हवेत. या एक दिवस, रात्री अकरानंतर, गाडी-ताफा नको, माझ्या सायकलवर मागं बसा. मोजू.

पैसा नाही, जागा नाही, असं मात्र सांगू नका. 2024 च्या डिसेंबरात काँग्रेस अधिवेशनाच्या शताब्दीला सगळं शहर दिव्यांनी उजळलं होतं. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन, आम्हालाही अभिमान आहे. पण त्या उजेडात फुटपाथवरच्या माणसांना रात्रभर डोळा लागत नव्हता, हे आमच्या अज्जांनी सांगितलं. ते तेव्हा तिथंच झोपायचे. आणि जागा? सुवर्ण विधानसौधची, म्हणजे इथल्या विधिमंडळाच्या इमारतीची, 127 एकर आहे. माणशी 50 चौरस फुटांनी मी बसल्या बसल्या हिशोब केला, एक लाख दहा हजार माणसं झोपतील. 2011 च्या गणतीत सबंध कर्नाटकात बेघर होते 76 हजार. सगळे मावून वर आमदारांच्या गाड्यांना जागा उरते! तिथं विधिमंडळाचं अधिवेशन असतं वर्षाला दहा-बारा दिवस. 2022 साली एका मजूर बाईनं त्या पायऱ्यांवर शेवया वाळत घातल्या तर केवढा गहजब झाला. मला विचाराल तर त्या पायऱ्यांचा तेवढाच उपयोग झालेला मी ऐकलाय.

तुमच्या योजनांची नावं तरी बघा. गृहज्योती म्हणजे फुकट वीज, गृहलक्ष्मी म्हणजे घरच्या बाईला महिन्याचे पैसे. आधी गृह लागतं, मग ज्योती आणि लक्ष्मी. आमचं मीटर घरगुती नाही म्हणून ज्योती येत नाही. पत्ता नाही म्हणून रेशनकार्ड नाही, कार्ड नाही म्हणून मावशीला लक्ष्मी नाही. मान्यता असलेल्या निवाऱ्याच्या अधीक्षकाचा दाखला आधारला चालतो, पण आम्हाला मान्यता नाही. मान्यतेला सरकारी जागा किंवा परवाना हवा. परवान्याचं विचारलं की नोटीस.

आणि सीमाप्रश्न. तो तर आमच्या पाचवीला पुजलेला. 1956 पासून दोन सरकारं या मातीवर हक्क सांगतात, 2004 पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे. मी स्वतः 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत चाललोय, तेव्हा मला कुणी भाषा शिकवू नये. पण एवढ्या वर्षांत या मातीवर उघड्यावर झोपलेला माणूस आमचा, असा दावा बेंगळुरूनं केला नाही आणि मुंबईनंही केला नाही. जमिनीला दोन मालक, माणसाला एकही नाही. निवडणुकीत मात्र अज्जांच्या मताला दोन्हीकडचे लोक रिक्षा पाठवतात.

मागणं काय, ते राहूनच गेलं. नोटीस थांबवा. घराला निवारा म्हणून मान्यता द्या, म्हणजे दाखले तरी देता येतील. भाडं त्या भिक्षुक सेसातून द्या, नाहीतर शाळेतल्या खुर्च्या बाहेर काढा. आणि उत्तर मराठीतही पाठवा. नाही पाठवलंत तरी अज्जा वाचतील, ते अजून इथं असतील तर.

बुधवारी मुदत संपते.

आपला,
रजिस्टर लिहिणारा

ता. क. : बघायला यायचं ठरलं तर संध्याकाळी सातच्या आत या. सातला पंगत बसते, मग दारात उभं राहायलाही जागा नसते.