प्रणालीचे पायथन प्रणालीलाच राहू द्या

संपादक महोदय,

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा नव्याने शिकणारी मंडळी लिनक्सवर एखादे पॅकेज (इतरांनी लिहिलेला तयार कोड) लागले की 'सुडो पिप इन्स्टॉल' ही आज्ञा देऊन मोकळी होतात ('पिप' हे पायथनची पॅकेजेस बसवणारे साधन, तर 'सुडो' म्हणजे आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवणे) आणि शिकवणारेही त्यांना अडवत नाहीत, हे वारंवार पाहिल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

उबंटू या लिनक्स प्रणालीसोबत येणारे पायथन केवळ आपल्या प्रोग्रॅमसाठी नसते. यूएफडब्ल्यू ही फायरवॉलची आज्ञा, सुरक्षा अपडेट आपोआप बसवणारी यंत्रणा असे कितीतरी भाग त्याच इंटरप्रिटरवर, म्हणजे पायथनचा कोड चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालतात. त्यांना लागणाऱ्या पॅकेजेसच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळत्या ठेवण्याचे काम एपीटी हे उबंटूचे स्वतःचे पॅकेज बसवणारे साधन करते. पिप मात्र ते बंधन पाळत नाही. शिवाय सुडोने बसवलेले पॅकेज 'यूएसआर-लोकल' या फोल्डरखाली जाते आणि पायथन आधी तेथेच शोधते, त्यामुळे एपीटीची आवृत्ती जागेवर असूनही वापरली जात नाही.

हे मी स्वतः भोगले आहे. उबंटू २०.०४ वर मी 'क्रिप्टोग्राफी' या पॅकेजची नवी आवृत्ती अशीच बसवली, पण तिच्यावर विसंबणारे 'पायओपनएसएसएल' प्रणालीसोबत आलेले, जुनेच राहिले. दोहोंचे जुळेना आणि त्यानंतर पिप स्वतःच सुरू होईना, म्हणजे ज्या साधनाने घोळ घातला त्याच साधनाने तो निस्तरण्याची सोयही उरली नाही. शेवटी नव्या आवृत्तीचे फोल्डर शोधून हाताने काढावे लागले. काही पॅकेजेस बसतानाच स्वतःचा कोड चालवतात आणि सुडोमुळे तो रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने चालतो, हा धोका तर मला याहून गंभीर वाटतो.

उबंटू ज्यावर आधारलेली आहे त्या डेबियन प्रणालीच्या २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून, प्रणालीच्या पायथनमध्ये पॅकेज बसवू पाहिल्यास, सुडो असो वा नसो, पिप नकार देते. 'ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' हा पर्याय लावला की तो नकार ओलांडता येतो, आणि नावातच 'मोडणे' असूनही तो सर्रास लावला जातो, याचे मला वाईट वाटते. वास्तविक प्रणालीच्या पायथनपासून वेगळे वातावरण तयार करून देणारे 'व्हेन्व्ह' हे साधन २०१२ मधील पायथन ३.३ पासून उपलब्ध आहे. डेबियन व उबंटूवर त्याचे पॅकेज एकदा एपीटीने बसवावे लागते, एवढेच. मग प्रत्येक प्रकल्पाचे स्वतंत्र फोल्डर तयार होते आणि काही बिघडले तर तेवढेच पुसून नव्याने करता येते. कमांड लाइनवरून चालवायच्या पायथन साधनांसाठी, त्यांना अशाच वेगळ्या वातावरणात बसवणारे 'पिपएक्स' आहे.

पायथन शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, पहिले पॅकेज बसवून दाखवण्याआधी त्यांनी विद्यार्थ्यांकडून व्हेन्व्ह तयार करून घ्यावे.

आपला नम्र,
एक वाचक