नाग नदीचे मे महिन्यातले पाणी कोणाचे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वैनगंगा-नळगंगा नदीजोडची बातमी आली की वैनगंगेवरच्या गोसेखुर्द (गोसे) धरणाच्या 'जादा' पाण्यावर चर्चा सुरू होते. सुमारे ४२६ किलोमीटरचा कालवा, ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाची मान्यता, पश्चिम विदर्भाचे सिंचन, हे सगळे वाचून पाठ झाले. बुलडाण्याला पाणी जाऊ नये असे म्हणणारा मी नव्हे. पण गोसेत येणारे पाणी जादा किती, हे ठरवताना वरच्या अंगाला आपण माणसे काय काय करतो ते कसे धरले, हे बातमीत कधी येत नाही. पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता म्हणून नोकरी काढलेल्या माणसाची नजर आधी तिथेच जाते.

मी नागपूरच्या नंदनवनात राहतो, नाग नदीपासून हाकेच्या अंतरावर. निवृत्तीनंतर सवय सुटेना, म्हणून २०२२ च्या उन्हाळ्यात जवळच्या पुलाच्या खांबावर वीत-वीत अंतराने ऑइलपेंटच्या रेषा मारल्या आणि फिरायला जाता-येता वहीत नोंद करू लागलो. मे महिना, पावसाचा थेंब नाही, पारा पंचेचाळीसकडे. पहाटे साडेपाचला पाणी दुसऱ्या रेषेच्या खाली असायचे. वस्तीत नळ येतात, आंघोळी, धुणी-भांडी उरकतात आणि नऊ-साडेनऊला तीच नदी चार बोटे चढलेली दिसायची. दुपारी पुन्हा उतार. शेजारी हसायचे, "नाल्याले काय मोजता जी, पेन्शन वाढते का?"

नाला म्हणा की नदी, उन्हाळ्यात ती वाहते मुख्यतः पेंच नदीच्या पाण्यावर. तोतलाडोह, कामठी खैरी या पेंचवरच्या धरणांचे पाणी शहरात येते, नळातून मोरीत, मोरीतून नाग नदीत, पुढे कन्हान नदीला, तिथून वैनगंगेत आणि शेवटी गोसेच्या जलाशयात. एका नदीतून उचललेले पाणी आपण दुसरीतून, खालच्या अंगाला, घाण करून परत देतो. पेंच आटते ती आपल्यामुळे, आणि नाग मे महिन्यात वाहते तीही आपल्यामुळेच.

आता हिशेबाची रीत. सरिता मापन केंद्रावर, म्हणजे नदीचा प्रवाह मोजण्याच्या ठिकाणी, मोजलेल्या प्रवाहात वरच्यांनी उचललेले पाणी मिळवायचे, त्यांनी परत सोडलेले वजा करायचे, धरणसाठ्यातला फरक आणि बाष्पीभवन धरायचे, की नदीचा नैसर्गिक प्रवाह निघतो. सोपे वाटते. घोडे पेंड खाते ते 'परत सोडलेले' या रकान्यात. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या तंट्यात बच्छावत लवादाने १९७० च्या दशकात त्यासाठी ठोक आकडे ठरवून दिले. घरगुती वापरासाठी उचललेल्या पाण्यापैकी २० टक्केच खर्ची पडले असे मानायचे, उद्योगांच्या बाबतीत अडीच टक्के. उरलेले नदीला परत मिळाले असे समजायचे. त्या काळी मोजायची साधने बेताची होती, तेव्हा ते चालून गेले.

पण आज नागपुरातल्या भांडेवाडीला शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते. १३० दशलक्ष लिटर रोजची ती योजना, म्हणजे वर्षाला सत्तेचाळीस दलघमीच्या (दशलक्ष घनमीटर) वर. कोराडीच्या कूलिंग टॉवरवर पांढरी वाफ दिसते ना, ते हेच पाणी. त्यातले फारच थोडे नदीला परत मिळते. इथे अडीच टक्क्यांचा नियम लावला तर हसे होईल. योजना चांगलीच आहे, तेवढे पेंचचे ताजे पाणी वाचते. मात्र वाचलेले पाणी धरणात बसून राहत नाही, दुसरा कोणी तरी उचलतो. आपण 'बचत' म्हणून टाळ्या वाजवतो आणि गोसेत येणाऱ्या पाण्यातून तेवढे पाणी गुपचूप वजा होते.

२०१९ चा जुलै आठवा. तोतलाडोह मृतसाठ्याला टेकले, शहरात एक दिवसाआड पाणी. सगळ्यांचे बोट पेंचवरच, वरच्या अंगाला असलेल्या छिंदवाड्यातल्या चौराई धरणाकडे. धरणाने पाणी अडवले हे खरे आणि पाऊस ओढ देऊन बसला होता हेही खरे. कोणाचा वाटा किती, हे भांडून कळत नाही. संगणकावर खोऱ्याचे गणिती मॉडेल दोनदा चालवावे लागते: तोच पाऊस, एकदा धरणे, कालवे, मोटारपंपांसह आणि एकदा त्यांच्याविना. दोन्हींतला फरक तो माणसाचा. जर्मनीतल्या विद्यापीठांत घडवलेले 'वॉटरगॅप' साऱ्या जगासाठी हेच करते. पण ते जमिनीचे ज्या चौकटींत तुकडे पाडते, त्यांची एकेक बाजू साधारण ५५ किलोमीटरची. एवढ्यात नागपूर, कामठी, मौदा सगळे मावेल. आपल्याला आपले, बारीक चौकटीचे लागेल.

आणि त्यात धान नीट बसवावे लागेल. माझी सासुरवाडी मौद्याकडची, शेत पेंचच्या कालव्यावर. साळ्याला विचारले, बांधीत (धानाच्या वाफ्यात) सोडलेले पाणी जाते कुठे? "जाईन कुठी भाऊजी? आमच्या बांधीतून खालच्याच्या बांधीत, तिथून नाल्यात." ऑक्टोबरात पाऊस थांबल्यावरही त्या नाल्यावर बाया धुणे धुताना मी पाहिल्या आहेत. कागदावर मात्र कालव्याच्या मुखाशी सोडले तेवढे सगळे 'वापरले'.

नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था या शहरात १९५८ पासून आहे, व्हीएनआयटी हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, पाटबंधारे महामंडळाचे मुख्यालयही इथेच. तिघांनी एकत्र बसून कन्हान खोऱ्याचे असे मॉडेल करावे. परत येणाऱ्या पाण्याचे आकडे ठोक न धरता मोजून घालावेत आणि कालव्याच्या निविदांआधी ते मराठीत लोकांसमोर ठेवावे, एवढीच मागणी.

माझ्या रेषा २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात खरवडून गेल्या. वही शाबूत आहे. कोणाला उपयोगी पडणार असेल तर झेरॉक्स काढून देईन.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता
नंदनवन, नागपूर