नागपूरच्या इतवारीतल्या दोरा-बटणवाल्या काकूंना

काकू, नमस्कार.

तुमच्याकडून नेलेल्या दोऱ्याने शिवलेली गोधडी आता बहिणीच्या बाळाच्या अंगावर असते. तुमच्या दुकानात गर्दी इतकी, की आभार मानायचे राहूनच जातात. म्हणून हे उघड पत्र. गोधडी शिवणाऱ्या इतर बायकांच्याही ते कामी यावं.

मी ‘सगळ्यात मजबूत दोरा द्या’ म्हटलं, तर रीळ काढायच्या आधी तुम्ही विचारलंत, “कायची शिवता गोधडी?” आईच्या जुन्या सुती साड्यांची, म्हटल्यावर पॉलिस्टरचं रीळ बाजूला सारलंत. “दोरा तुटला त पुन्हा घालता येते, लुगडं फाटलं त काय करता?”

काकू, सगळं शहाणपण या प्रश्नात आहे. वापरून मऊ झालेलं सूत आतून झिजलेलं असतं. त्यात न तुटणारा दोरा घातला, की ताण आल्यावर टाका तसाच राहतो आणि त्याच्या कडेने कापड चिरत जातं. सुती दोरा कापडाच्या आधी तुटतो, आणि तेवढे चार टाके पुन्हा घातले की काम झालं. पॉलिस्टरला तुम्ही नावं ठेवली नाहीत. जीन्स, पिशव्या, शाळेचे ड्रेस यांना तोच हवा, असं म्हणालात. फक्त जागा वेगळी.

मग काडी पेटवून दोन्ही दोऱ्यांची टोकं जाळून दाखवलीत. सुती दोरा कागदासारखा वास देत जळाला, बोटाने चोळल्यावर राखेची भुकटी झाली. पॉलिस्टर आक्रसला आणि टोकाला काळा, कडक मणी धरला. लेबल फाटलेलं रीळ ओळखायला याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

नंबराचा घोळही तुम्हीच सोडवलात. ४० नंबरचा दोरा ५० पेक्षा जाड, म्हणजे आकडा वाढला की दोरा बारीक. टेक्स या दुसऱ्या मापाचं उलट, कारण तिथे १,००० मीटर दोऱ्याचं वजन ग्रॅममध्ये मोजतात. पण नुसत्या नंबरावर जाऊ नका म्हणून तुम्ही नखाने पीळ उलगडलात आणि आतल्या तीन तारा वेगळ्या करून दाखवल्यात. नंबर तोच, पण तारा दोन की तीन, यावरही जाडी ठरते.

हाताने धावदोरा घालायला तुम्ही लेप दिलेला, गुळगुळीत सुती दोरा दिलात. तो मशीनला लावू नका, लेप टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्यांत बसतो, हे बजावून सांगितलंत. कडेच्या पट्टीला मशीनसाठी साधा मर्सराइज्ड दोरा आणि १४ नंबरची सुई. (कॉस्टिक सोड्याने सुताला बळ देण्याची ही युक्ती जॉन मर्सरने १८४४ मध्ये शोधली. एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झालेल्या आपल्या नागपुरात एवढं तरी सगळ्यांना ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.) दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की सुईच्या नेढ्यातून जाऊन जाऊन झिजतो, हेही तुमचंच.

रंगासाठी तर तुम्ही मला ट्यूबलाइटखालून उठवून ओट्यावर उन्हात नेलंत. रीळ कापडाशेजारी न धरता दोऱ्याचा एकच पदर सोडून साडीवर आडवा टाकलात. जांभळा, हिरवा, पिवळा, तिन्ही तुकड्यांवर जो राखाडी दोरा दिसेनासा झाला, तोच बांधून दिलात. माझ्या मनात पांढरा होता. आज टाके दिसत नाहीत, साड्या दिसतात. आईला तेच सगळ्यात आवडलं.

दहा रुपयांच्या रिळासाठी इतका वेळ कोण देतं, काकू? मागे गिऱ्हाईकं उभी होती, तरी तुम्ही घाई केली नाहीत. मनापासून आभार.

दिवाळीनंतर आईच्या दोन रेशीमकाठी साड्या घेऊन येते. मधलं अंग सुती आणि काठ रेशमी, तेव्हा दोरा एकच चालेल की दोन लागतील, ते साडी हातात घेऊन तुम्हीच सांगा.

तुमची,
महाल भागातली गोधडीवाली